मालीशीचा हात आणि बाळंतिणीचे आरोग्य

गेल्या दोन पिढ्यांत महाराष्ट्रातील बाळंतपणाचे स्वरूप पुष्कळ बदलले आहे. घरातील काळोख्या खोलीत, केवळ सुईणीच्या भरवशावर होणारी प्रसूती आता प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात अथवा खाजगी प्रसूतिगृहात होऊ लागली आहे. २०१९-२१ या कालावधीत झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. त्याच पाहणीनुसार साधारणतः दर चार प्रसूतींपैकी एक सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली. मातेच्या आणि बालकाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने संस्थेतील प्रसूती ही मोठी प्रगती होय, यात शंका नाही.

तथापि, प्रसूती रुग्णालयात गेली असली तरी बाळंतपण मात्र घरीच राहिले आहे. दोन-चार दिवसांनी, शस्त्रक्रिया झाली असल्यास आठवडाभराने, बाळंतीण घरी येते आणि पुढचे सव्वा-दीड महिने ती घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या व मालीशवाल्या बाईच्या हाती असते. आशा कार्यकर्ती तिच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी देते. मालीशवाली मात्र रोज सकाळी येते. बाळंतिणीचे संपूर्ण अंग जिच्या हाताखालून रोज जाते, अशी ती एकमेव व्यक्ती होय. असे असूनही आरोग्याच्या नोंदवहीत तिचे नाव नाही, तिला कोणी काही शिकवलेले नाही आणि तिला कोणी काही विचारीतही नाही.

मालीश उत्तम प्रकारे कशी करावी, तिची पूर्वतयारी काय असावी आणि कोणत्या प्रसंगी तेलाची वाटी बाजूला ठेवून दवाखान्याची वाट धरावी, याचे ज्ञान या हातांपर्यंत पोहोचले, तर बाळंतिणीला सुख मिळेलच. शिवाय काही जीवही वाचतील.

परंपरेचा आधार

अंगाला तेल लावण्याची चाल आपल्याकडे प्राचीन आहे. आयुर्वेदात तिला अभ्यंग म्हणतात. तेल मिळालेला घडा, कातडे किंवा गाड्याचा आस ज्याप्रमाणे झीज सोसून टिकतो, त्याप्रमाणे अभ्यंगाने शरीर दृढ होते, असा दृष्टान्त चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायातही नित्य अभ्यंगाचा उपदेश आहे. परंतु त्याच ठिकाणी अभ्यंग कोणी करू नये हेही स्पष्ट सांगितले आहे. कफविकाराने ग्रासलेला, नुकतेच शोधन झालेला आणि अजीर्ण झालेला मनुष्य अभ्यंगास वर्ज्य मानला आहे. म्हणजे मालीश सर्वांना सर्वकाळ हितावह असते, असे परंपरेनेही मानलेले नाही. आधी माणसाची स्थिती पाहावी आणि मग तेलाला हात लावावा, हा विवेक जुनाच आहे. व्यवहारात मात्र तेल, वेखंड, बाळंतशेपा, शेक, धुरी असा सारा विधी घरोघर चालत आला आणि कोणास काय वर्ज्य हा भाग मागे पडला.

मालीशीने काय होते, काय होत नाही

मंद, लयबद्ध आणि सुखकारक स्पर्शाने स्नायूंतील ताण सैलावतो, श्वास संथ होतो आणि मनाला स्वस्थता येते. प्रसूतीच्या श्रमांनी आंबलेली कंबर, बाळाला पाजताना वाकून अवघडलेली मान आणि खांदे, जागरणाने शिणलेले डोके यांना मालीशीने उतार पडतो. स्वस्थ झालेल्या बाळंतिणीला झोप लागते. आणि दिवसरात्र दर दोन-तीन तासांनी उठावे लागणाऱ्या स्त्रीला तासाभराची शांत झोप ही औषधाहून कमी मोलाची नसते.

पण मालीशीबद्दल काही गैरसमजही रूढ आहेत. पोट जोरजोराने चोळले म्हणजे गर्भाशय जागेवर बसते, हा त्यांपैकी प्रमुख होय. प्रसूतीनंतर गर्भाशय आपोआप आकुंचन पावत सुमारे सहा आठवड्यांत पूर्ववत होते आणि बाळाला अंगावर पाजल्याने त्या क्रियेस मदत होते. त्यासाठी पोट दाबण्याची आवश्यकता नसते. अंग दुखेपर्यंत रगडले तरच गुण येतो, ही समजूतही चुकीची आहे. ज्या मालीशीने बाळंतीण दात आवळते, मुठी वळते किंवा श्वास रोखून धरते, ती मालीश विश्रांती देत नाही. उलट शिणलेल्या शरीरावर आणखी ताण टाकते.

पूर्वतयारी : आधी विचारपूस

मालीशीचे निम्मे यश पूर्वतयारीत असते आणि पूर्वतयारीचा आरंभ तेल कोमट करण्यापासून होत नाही, तर विचारण्यापासून होतो. पहिल्या दिवशी मालीशवालीने बाळंतिणीजवळ बसून चार गोष्टी शांतपणे विचारून घ्याव्यात. प्रसूती साधी झाली की सिझेरियन? टाके कोठे आहेत व ते सुकले आहेत काय? गरोदरपणी रक्तदाब वाढला होता काय, झटके आले होते काय? रक्तस्राव फार झाला होता काय? डॉक्टरांनी घरी सोडताना कोणते पथ्य सांगितले आहे? रुग्णालयातून मिळालेला कागद घरातील शिकलेल्या व्यक्तीकडून वाचून घेण्यास संकोच करू नये.

पुढे रोज सकाळी केवळ दोन-तीन प्रश्न पुरतात. "रात्री झोप लागली का? अंगात कणकण आहे का? पाय दुखतो का? अंगावरून जास्त जाते आहे का?" एवढे विचारण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. याच वेळी, कोणत्या भागाला हात लावलेला चालेल आणि कोणत्या भागाला नको, हेही बाळंतिणीलाच विचारावे. पुष्कळ घरांत हा निर्णय सासू किंवा आई परस्पर घेते. वडीलधाऱ्यांचा अनुभव आदरणीय आहे. पण शरीर बाळंतिणीचे आहे आणि तिने नको म्हटले तर हात थांबला पाहिजे.

जागा, हात आणि तेल

मालीशीची खोली उबदार असावी, पण कोंदट नसावी. वाऱ्याचा थेट झोत अंगावर येऊ देऊ नये; मात्र हवा खेळती राहील इतपत खिडकी उघडी ठेवावी. खाली जाड सतरंजी आणि तीवर जुनी धुतलेली चादर अंथरावी. दार लोटून घ्यावे किंवा पडदा लावावा. घरातील मुले व पाहुणे यांची ये-जा त्या वेळेपुरती थांबवावी. ज्या भागाला तेल लावावयाचे तेवढाच भाग उघडा ठेवून उरलेले अंग लुगड्याने अथवा चादरीने झाकलेले असावे. त्यामुळे ऊब टिकते आणि संकोचही वाटत नाही. मालीशीपूर्वी बाळाला पाजून घ्यावे आणि बाळंतिणीने लघवीला जाऊन यावे, म्हणजे मध्येच उठावे लागत नाही. जेवणानंतर लगेच मालीश करू नये.

मालीशवालीने नखे कापलेली ठेवावीत. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवून दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. एका सकाळी ती तीन-चार घरे करते. एका घरचा जंतुसंसर्ग दुसऱ्या घरी नेणारे वाहन तिचे हात ठरू नयेत, यासाठी प्रत्येक घरी नव्याने हात धुणे अत्यावश्यक होय. हातावर जखम, गळू अथवा खरूज असल्यास, किंवा सर्दी-ताप असल्यास, त्या दिवशी तिने जाऊ नये. आणि घरच्यांनीही त्याबद्दल तिची मजुरी कापू नये. मजुरी कापली गेली तर ती आजार लपवून येईल आणि त्याचे फळ बाळाला भोगावे लागेल.

तेल साधेच असावे. तिळाचे तेल किंवा खोबरेल सर्वत्र मिळते व पुरेसे आहे. तेलाला खवट वास येत असल्यास ते वापरू नये. मोठ्या बाटलीत वारंवार बोटे न बुडवता स्वच्छ, कोरड्या वाटीत लागेल तेवढेच तेल काढून घ्यावे आणि उरलेले परत बाटलीत ओतू नये. ते थेट चुलीवर तापवण्याऐवजी गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करावे आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावे. तेल नवे असेल तर आदल्या दिवशी बाळंतिणीच्या दंडाच्या आतील बाजूस थोडे लावून खाज वा पुरळ येते काय, हे तपासावे. तेलात कापूर घालण्याची चाल काही ठिकाणी आहे. कापूर तान्ह्या बाळास विषारी ठरू शकतो, म्हणून बाळाच्या किंवा पाजणाऱ्या मातेच्या तेलात तो घालू नये.

केव्हा हात लावू नये

संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच होय. गरोदरपणी स्त्रीच्या रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते. प्रसूतीच्या वेळी अतिरिक्त रक्तस्राव होऊ नये, अशी ही निसर्गाची योजना आहे. परंतु प्रसूतीनंतर काही आठवडे ही प्रवृत्ती टिकते, आणि शस्त्रक्रियेनंतर पडून राहावे लागल्यास पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका अधिक असतो. अशी गुठळी झालेली पोटरी चोळल्यास ती सुटून रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसात जाऊ शकते आणि क्षणार्धात प्राणावर बेतू शकते.

म्हणून पोटऱ्यांना तेल लावण्यापूर्वी दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून रोज नीट पाहावेत. एकच पाय सुजलेला, लालसर, हाताला गरम लागणारा किंवा दुखणारा असेल, तर त्या पायास मुळीच चोळू नये आणि विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. "पाय भरून आला आहे, जरा जोराने चोळा" ही विनंती अशा वेळी कितीही कळवळून केली गेली, तरी ती मानता कामा नये.

याखेरीज पुढील लक्षणे आढळल्यास मालीश थांबवून बाळंतिणीला तातडीने आरोग्य केंद्रात न्यावे : ताप किंवा थंडी वाजणे, अंगावरून एकाएकी पुष्कळ रक्त जाणे अथवा दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके, धाप लागणे अथवा छातीत दुखणे, टाक्यांतून पू येणे, स्तन लाल, कडक होऊन ताप येणे. झटके, धाप आणि अतिरिक्त रक्तस्राव यांबाबत वाट पाहण्यास अवधी नसतो. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. बाळंतिणीला "वारे लागले" असे म्हणून शेक-धुरीत घालवलेले तास पुढे भरून काढता येत नाहीत.

सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या पोटाला व टाक्यांच्या परिसराला डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत हात लावू नये. तिच्या डोक्याला, खांद्यांना, हातांना आणि पावलांना हलकी मालीश केल्याने ती निश्चितच सुखावते. मात्र ती केव्हा सुरू करावयाची, हे रुग्णालयातून निघतानाच विचारून घेणे इष्ट होय.

प्रत्यक्ष मालीश

आरंभी दोन्ही तळहातांना तेल चोळून हात उबदार करावेत आणि ते बाळंतिणीच्या पाठीवर किंवा पावलांवर क्षणभर स्थिर ठेवावेत. एकदम घासण्यास सुरुवात करू नये. स्थिर स्पर्शाने शरीराला पुढील स्पर्शाची सूचना मिळते. त्यानंतरच्या हालचाली साधारणतः चार प्रकारच्या असतात : सबंध तळहाताने लांबवर हात फिरवणे, स्नायू मुठीत धरून कणीक मळल्याप्रमाणे हलके मळणे, अंगठ्याने गोलाकार दाब देणे आणि शेवटी थोपटणे. प्रत्येक भागाला प्रथम लांब हात फिरवून ऊब आणावी, मग मळावे आणि पुन्हा लांब हात फिरवून तो भाग सोडावा.

पायाची सुरुवात पावलापासून करावी. तळव्याला अंगठ्याने टाचेकडून बोटांकडे दाब द्यावा, घोट्याभोवती गोल फिरवावे. पोटरी व मांडीवर दाब खालून वर, म्हणजे हृदयाच्या दिशेने, द्यावा आणि परत येताना हात केवळ टेकवून आणावा. गुडघ्याच्या मागील खोलगट भागावर दाब देऊ नये. शिरा फुगलेल्या असतील तर त्या भागावर जोर लावू नये. हातांनाही याचप्रमाणे बोटांकडून खांद्याकडे तेल लावावे.

पाठीच्या मालीशीसाठी बाळंतिणीला पालथी झोपवणे योग्य नाही. दुधाने भरलेल्या स्तनांवर व पोटावर भार येतो. तिला कुशीवर वळवून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यावी, किंवा पाटावर बसवून पुढे ठेवलेल्या उंच उशीवर हात व डोके टेकू द्यावे. पाठीच्या कण्याच्या हाडावर दाब न देता त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर कमरेपासून खांद्यांपर्यंत हात न्यावा. कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने गोलाकार फिरवल्यास विशेष आराम पडतो. खांदे व मानेची मागील बाजू बोटांनी हलके मळावी. गळ्याच्या पुढील भागास दाबू नये. साध्या प्रसूतीनंतर पोटावर केवळ तेलाचा हात हळुवारपणे फिरवावा. स्तन जोराने चोळू नयेत. शेवटी डोक्याला बोटांच्या अग्रांनी, नखे न लावता, तेल जिरवावे.

सर्व मिळून अर्धा-पाऊण तास पुरतो. दाब योग्य आहे काय, हे मध्येमध्ये विचारावे. पण त्याहून अधिक चेहऱ्याकडे आणि श्वासाकडे पाहावे. काही स्त्रिया भिडेपोटी "बरे वाटते" असे म्हणतात, पण त्यांच्या कपाळावरील आठी खरे काय ते सांगते. एक हात अंगावरून उचलण्यापूर्वी दुसरा टेकलेला असावा, हालचालींची लय तुटू नये आणि घाई नसावी, हे जाणत्या हाताचे लक्षण होय.

मालीशीनंतर पावलांचे तेल पुसून घ्यावे. तेलकट तळव्यांनी न्हाणीघरात जाणारी बाळंतीण घसरून पडण्याचा धोका असतो. ती एकदम उठल्यास भोवळ येते, म्हणून आधी उठून बसवावे, दोन घोट पाणी द्यावे आणि मग हात धरून न्यावे. बाळाला पाजण्यापूर्वी स्तनाग्रांवरील तेल धुतलेले असावे. स्नानानंतर तिला झोपू द्यावे. नातेवाइकांची वर्दळ त्या तासाभरापुरती आवरली, तर मालीशीचा खरा लाभ पदरात पडतो.

शेक-शेगडीविषयी एक इशारा येथे दिला पाहिजे. बंद खोलीत जळत्या कोळशाची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला विषारी वायू साचतो आणि झोपेतच माता व बालक दगावू शकतात. उबेसाठी गरम कपडे आणि बाळाला छातीशी धरणे हेच उपाय सुरक्षित होत. रबरी पिशवीने शेक द्यावयाचा झाल्यास ती कापडात गुंडाळून, टाक्यांपासून दूर वापरावी.

बाळाची मालीश

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळास हळुवार मालीश करण्यास हरकत नाही. तिचा बाळाच्या वाढीस लाभ होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रसूतिपश्चात काळजीच्या शिफारशींत नमूद केले आहे. त्याच शिफारशींनुसार बाळाचे पहिले स्नान जन्मानंतर किमान २४ तास पुढे ढकलावयाचे असते. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ चटकन गार पडते. त्याच्या बाबतीत डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारल्याशिवाय मालीश व स्नान सुरू करू नये.

बाळाला हात लावण्यापूर्वी पुन्हा साबणाने हात धुवावेत. बाळाने नुकतेच दूध घेतलेले नसावे. उबदार जागी, पसरलेल्या पायांवर किंवा मऊ दुपट्यावर घेऊन दहा-पंधरा मिनिटे केवळ तळहाताच्या भाराने तेल लावावे. तिळाचे अथवा खोबरेल तेल वापरावे. मोहरीचे तेल तान्ह्या बाळाच्या कोवळ्या त्वचेस मानवत नाही. जन्मतः अंगावर असणारा पांढरा, चिकट थर त्वचेचे रक्षण करतो. तो मसुरीच्या पिठाने घासून काढू नये. नाळ गळून पडेपर्यंत ती कोरडी ठेवावी. तिच्यावर तेल, हळद वा राख घालू नये.

काही चाली मात्र निश्चयपूर्वक बंद झाल्या पाहिजेत. बाळाच्या नाकात वा कानात तेल सोडू नये. नाकातील तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. मातेच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती कधीकधी फुगलेली दिसते. ती आपोआप उतरते. पिळल्यास गळू होते. टाळू दाबू नये, नाक-डोके "घडवू" नये, पाय धरून उलटे लोंबकळवू नये, डोळ्यांत काजळ घालू नये आणि धुरीच्या धुरावर धरू नये. बाळ रडून लाल झाले, हात-पाय आखडू लागले किंवा सुस्त पडले, तर मालीश त्याच क्षणी थांबवावी. दूध न ओढणारे, गार पडलेले, तापलेले, जलद श्वास घेणारे किंवा पिवळेपणा तळव्यांपर्यंत पोहोचलेले बाळ त्याच दिवशी दवाखान्यात नेले पाहिजे.

ऐकणारे कान

मालीशीच्या अर्ध्या तासात बाळंतीण बोलते. घरात जे कोणाजवळ बोलता येत नाही, ते ती पाठीवर हात फिरत असताना बोलून जाते. पहिल्या आठवड्यात विनाकारण रडू येणे पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत घडते व ते लवकरच ओसरते. परंतु दोन आठवड्यांनंतरही उदासी कायम असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल, अन्न गोड लागत नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे उद्गार निघत असतील, तर तो आजार समजावा. "मुलगी झाली म्हणून मन लहान करून घेतले" एवढ्यावर तो सोडून देऊ नये. असे काही कानी आल्यास मालीशवालीने ते घरोघर न सांगता बाळंतिणीच्या विश्वासातील व्यक्तीला आणि आशा कार्यकर्तीला कळवावे. कामाच्या निमित्ताने कानी पडलेली गोष्ट चव्हाट्यावर न नेणे, हा या व्यवसायाचा पहिला धर्म होय.

हातांची प्रतिष्ठा

इतक्या जबाबदारीचे काम करणाऱ्या स्त्रीचे समाजातील स्थान मात्र फारसे मानाचे राहिलेले नाही. बाळंतपणाच्या विटाळाच्या कल्पनेमुळे या कामालाच कमीपणा चिकटला. जी मावशी बाळाला पहिले तेल लावते, तिला चहाचा कप निराळा, अशी घरे आजही नाहीतच असे म्हणवत नाही. मोबदला म्हणून बारशाला लुगडे, खण-नारळ आणि पायलीभर तांदूळ देण्याची पद्धत कौतुकाची असली, तरी ती ठरलेल्या मजुरीची जागा घेऊ शकत नाही. काम सुरू होण्यापूर्वीच दिवस, वेळ आणि रोजचा दर ठरवणे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर या स्त्रियांची नोंदणी करून देणे, हे ग्रामपंचायतीला सहज जमण्यासारखे काम आहे.

खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्याचे शास्त्र शिकवता येते काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर महाराष्ट्रानेच दिलेले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती काळजीचे शिक्षण दिले. तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींची आजची देशव्यापी योजना याच अनुभवावर उभी आहे. मालीशवालीला आरोग्य सेविका करावयाचे नाही. तिला केवळ धोक्याची दहा-बारा चिन्हे, हात धुण्याची शिस्त आणि कोणाला कळवावयाचे तो क्रमांक एवढेच द्यावयाचे आहे.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. ग्राम आरोग्य व पोषण दिनी गावातील मालीशवाल्या स्त्रियांना सन्मानाने बोलावून परिचारिकेने त्यांच्याशी तासभर बोलावे. धोक्याची चिन्हे चित्ररूपाने छापून त्यांना द्यावीत. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि तिची नोंद सासरच्या गावी असते. अशी माहेरवाशीण आल्याची वार्ता सर्वप्रथम मालीशवालीलाच कळते. ती तिने आशा कार्यकर्तीला दिली, तर गृहभेटी चुकणार नाहीत. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना नाकात तेल, शेगडी आणि काजळ या तीन गोष्टी जरी समजावून सांगितल्या, तरी ते ज्ञान त्याच संध्याकाळी घरोघर पोहोचेल.

बाळंतिणीच्या पाठीवरून फिरणारा मावशीचा हात पिढ्यानपिढ्यांच्या मायेने ऊबदार आहे. त्या हाताला योग्य ज्ञानाची जोड मिळावयास हवी. सुजलेली पोटरी पाहून ज्या सकाळी तो हात तेलाच्या वाटीकडे न जाता दूरध्वनीकडे जाईल, त्या सकाळी एका घरातील माता वाचलेली असेल.